बाराला दहा कमी

मी वेळापत्रकाचा माणूस आहे. हा माझा दोष आहे याबद्दल आमच्या घरातल्या बाकीच्या तिघांचं एकमत आहे. आणि तिघांचं एकमत व्हावं असा आमच्या घरातला हा एकुलता एक विषय आहे. मुंबईहून पुण्याला जायचं असलं तरी मी आदल्या रात्री कागद घेऊन बसतो. तेव्हा २०२३ च्या मे महिन्यात आम्ही चौघं आठ दिवस लंडनला जाणार असं ठरल्यावर मी किती कागद घेऊन बसलो असेन, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हे जाणं सहजासहजी ठरलं नव्हतं. कन्येची बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. पावसाळ्यानंतर ती कोणत्या गावी आणि कोणत्या वसतिगृहात असेल याचा नेम नव्हता. चिरंजीव नववी संपवून दहावीच्या उंबरठ्यावर उभे होते. "चौघांनी मिळून कुठे जायचं असेल तर ते आत्ताच. नंतर बघू म्हणाल, तर नंतर ही मंडळी एका वेळी सापडायची नाहीत," असं सौ. एका रात्री ओटा पुसता पुसता म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मी बँकेत जाऊन ठेव मोडली. आता, ठेव मोडून परदेशी गेलेल्या माणसाने तिथला एक मिनिट तरी फुकट का दवडावा?

म्हणून मी वेळापत्रक केलं. दिवस, वेळ, ठिकाण, जवळचं स्टेशन, काय पाहायचं, किती वेळ पाहायचं, असे सहा रकाने. त्याच्या चार प्रती काढून प्रत्येकाला एक दिली. कन्येने तिच्या प्रतीची घडी करून पुस्तकात खूण म्हणून घातली. चिरंजीवांनी आपली प्रत कुठे घातली ते मला कळलं नाही. ते चौदा वर्षांचे. कानात सदा त्या दोन पांढऱ्या गोळ्या. मी रोज रात्री हॉटेलच्या खोलीत दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक मोठ्याने वाचून दाखवत असे, तेव्हाही त्या कानांतच असत. मी भिंतीशी बोलतो आहे असं मला वाटायचं. पण भिंतीशी बोलण्याची सवय वयात येणाऱ्या मुलांच्या बापाला असतेच.

पहिल्या चार दिवसांत आम्ही लंडन पाहिलं. म्हणजे माझ्या कागदावर खुणा होत गेल्या. ब्रिटिश म्युझियममध्ये रोझेटाचा शिळालेख पाहिला. निसर्गेतिहासाच्या म्युझियममध्ये शिरल्याशिरल्या डोक्यावर छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहिला. १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर सापडलेला हा मासा सव्वीस मीटरला थोडा कमी लांब आहे, हे मी तिथल्या पाटीच्या आधीच मुलांना सांगून टाकलं. टॉवरमध्ये राजघराण्याचे मुकुट पाहिले. तिथे प्रेक्षकांना मुकुटांपुढून सरकत्या पट्ट्यावरून नेतात, म्हणजे कुणी कोहिनूरपुढे ठाण मांडून बसायला नको. माझ्या मते ही फार उत्तम व्यवस्था आहे. "बाबांना हा पट्टा घरी न्यायला आवडेल," असं कन्या आईला म्हणाली ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

चौथ्या दिवशी प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरच्या घरी गेलो. डॉक्टर आंबेडकर १९२१-२२ साली विद्यार्थी असताना या घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. आजूबाजूला तशीच उंच, शांत, एकमेकांना चिकटलेली घरं. आत गेल्यावर कन्या जी थबकली ती हलेना. वसतिगृहाच्या अर्जांचे कागद तिने घरून निघताना भरले होते. घरापासून दूर एका खोलीत राहून शिकणं म्हणजे काय याचा विचार तिच्या मनात चालू असावा. ती मला काहीतरी विचारायलाही लागली होती. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "चला, चाळीस मिनिटं झाली." ती काही बोलली नाही. काय विचारणार होती ते मला आजतागायत समजलेलं नाही.

पाचव्या दिवशी ग्रीनिच होतं. वेळापत्रकाच्या माणसाला ग्रीनिच म्हणजे काशी. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ साली तिथल्या टेकडीवर वेधशाळा बांधवली ती समुद्रावरच्या गलबतांसाठी. खलाशाला आपण उत्तरेला किती आणि दक्षिणेला किती हे सूर्य-ताऱ्यांवरून कळे. पण पूर्व-पश्चिमेचा पत्ता लागत नसे. त्यासाठी मूळ गावी या क्षणी किती वाजले आहेत हे भर समुद्रात अचूक कळायला हवं, आणि हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचं घड्याळ चालत नसे. १७०७ साली आरमाराची चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर फुटून शेकडो माणसं बुडाली. १७१४ साली पार्लमेंटने वीस हजार पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. हा प्रश्न अखेर सोडवला तो जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराच्या मुलाने. त्याने आयुष्यभर खपून केलेली चार घड्याळं तिथे ठेवली आहेत. हे सगळं आदल्या रात्री मी खोलीत सांगितलं. सौ.ने जांभई दिली. चिरंजीव बूट काढून टाच चोळत होते.

सकाळी पावणेअकरा वाजता आम्ही हॉबर्न स्टेशनवर भुयारी गाडीच्या फलाटावर उभे होतो. कार्यक्रम असा: साडेअकराला कटी सार्क हे जुनं चहावाहू जहाज बाहेरून पाहायचं, आणि बारा वाजता टेकडीवर शून्य रेखांशावर उभं राहायचं. गाडी आली. "चला, चला, लवकर!" मी ओरडलो. सौ. आणि कन्या चढल्या, मी चढलो, आणि पाठीमागे दारं मिटली. वळून पाहिलं तर काचेपलीकडे चिरंजीव फलाटावर ओणवे होऊन बुटाशी खटपट करत होते. त्यांनी मान वर केली. आमची नजरानजर झाली. गाडी सुटली.

त्या अर्ध्या मिनिटात सौ.च्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढच्या चान्सरी लेन स्टेशनवर आम्ही उतरलो. मागून दर दोन-तीन मिनिटांनी गाडी येत होती, माणसं उतरत होती, त्यांत तो नव्हता. मी उलट गाडीने हॉबर्नला गेलो, तिथला फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथा घातला, पुन्हा चान्सरी लेनला आलो. त्याच्या फोनला इथलं कार्ड घेतलेलं नव्हतं. आठ दिवसांसाठी चार कार्डं कशाला, असा हिशेब मीच केला होता. माझा इथला नंबर त्याला पाठ नव्हता. माझ्या वेळापत्रकात सहा रकाने होते, पण फोननंबर लिहावा हे सुचलं नव्हतं.

वर तिकीट काढायच्या जागेपाशी निळ्या गणवेशातल्या एक बाई होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मागच्या-पुढच्या स्टेशनांना फोन लावला आणि मला विचारलं, "मुलाच्या अंगात काय आहे? शर्टाचा रंग?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो.

वाचकहो, मला देवमाशाची लांबी पाठ होती. वेधशाळेचं साल पाठ होतं. त्या सकाळी आम्ही एका खोलीत उठलो होतो, एका टेबलावर नाश्ता केला होता, एका रस्त्याने चालत आलो होतो. मी त्याच्याकडे दहादा पाहिलं असेन, पण प्रत्येक वेळी तो मागे पडतो आहे की नाही एवढंच पाहिलं. त्याच्या शर्टाचा रंग मला सांगता आला नाही.

"मोरपंखी," सौ. म्हणाली. "बाह्या दुमडलेल्या. मांडीवर दोन खिसे असलेली खाकी पँट."

"आणि उजव्या पायाने थोडा लंगडतोय," कन्या म्हणाली. "नवीन बूट चावतोय त्याला. तीन दिवस झाले."

"मग बोलला का नाही?"

"बोलला होता. तुम्ही म्हणालात, रात्री बघू."

पाऊण तास गेला. कोणत्याच स्टेशनवरून बातमी नव्हती. सौ. एका बाकावर बसली होती, तिने पर्समधून आपल्या ओळीने चौघांचे पासपोर्ट काढले, पाहिले आणि परत ठेवले, पुन्हा काढले. मी तिच्याजवळ जाऊन काहीतरी धीराचं बोलणार होतो, पण तिने मान वर केली नाही, आणि ते बरंच झालं. एवढ्यात कन्या म्हणाली, "बाबा, तो ग्रीनिचला गेला असेल."

"एकटा? कशावरून?"

"बाराला ग्रीनिच आहे ना. तुम्हीच वाचलं रात्री."

"त्याच्या कानांत तर—"

"बाबा, त्या गोळ्या असतात नुसत्या. गाणं चालू असतंच असं नाही. तो सगळं ऐकतो."

सौ.ला कन्येचा फोन देऊन त्या बाईंपाशी बसवलं आणि आम्ही दोघं निघालो. बँक स्टेशनवर गाडी बदलावी लागते. हे स्टेशन म्हणजे चक्रव्यूह आहे. कुठून शिरलं तर कुठे निघू हे पहिल्या खेपेला कळत नाही. जिने, बोगदे, पुन्हा जिने. मी, माणूस वयाने पन्नाशीचा, हातात नकाशा असताना तिथे दोनदा चुकलो. आणि इथून तो एकटा गेला असेल या विचाराने पोटात खड्डा पडला. पुढची गाडी ड्रायव्हरशिवाय चालते. अगदी पुढच्या काचेशी बसता येतं आणि समोर रूळ धावत येताना दिसतात. एरवी मी तिची माहिती सांगितली असती. त्या दिवशी मी कन्येशेजारी गप्प बसलो होतो. तिने माझ्या हातावर हात ठेवला. तो हात केवढा मोठा झाला होता, हेही मला त्याच दिवशी दिसलं.

कटी सार्कची शिडं कधी गेली ते समजलं नाही. उद्यानातून टेकडी चढताना मला धाप लागली. वर वेधशाळेच्या फाटकाशी माणसांची गर्दी होती. भिंतीतल्या मोठ्या गोल घड्याळाकडे माझं लक्ष गेलं आणि काळजाचा ठोका चुकला. तासाचा काटा थेट खाली, सहाच्या जागी, आणि मिनिटकाटा दहावर! संध्याकाळचे सहा होत आले? मग ध्यानात आलं की हे घड्याळ चोवीस तासांचं आहे. वर शून्य, खाली बारा. १८५२ साली बसवलेलं हे विजेवरचं घड्याळ खऱ्याखुऱ्या ग्रीनिचच्या वेळेला धरून चालतं. उन्हाळ्यात सारं इंग्लंड आपली घड्याळं तासभर पुढे करतं, पण हे करत नाही. माझ्या मनगटावर एकला दहा कमी होते. भिंतीवर बाराला दहा कमी.

आणि त्या घड्याळाखाली, उजव्या पायातला बूट काढून बाजूला ठेवून, मोरपंखी शर्ट बसला होता.

त्याने आम्हाला पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दहा मिनिटं लवकर आलात, बाबा. वेळापत्रकात बारा आहे."

मी रागावणार होतो. तशी वाक्यं वाटेत जुळवूनही ठेवली होती. पण तोंडातून शब्द येईना. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि त्याचं डोकं ओढून खांद्याशी धरलं. चौदा वर्षांच्या मुलाला चारचौघांत हे मुळीच आवडत नाही. त्याने अर्धा मिनिट चालवून घेतलं. कन्या तोवर बाजूला जाऊन आईला फोन लावत होती, आणि फोनवर बोलताना पाठ आमच्याकडे करून उभी होती.

"घाबरला होतास?" मी विचारलं.

"बँक स्टेशनला. थोडा." मग म्हणाला, "पण तुम्ही वेळापत्रक सोडून दुसरीकडे कुठे जाल असं वाटलं नाही."

ही स्तुती होती की काय होतं ते मी अजून ठरवलेलं नाही.

सौ. येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो. वेधशाळेच्या छतावर एका दांड्याला मोठा लाल गोळा आहे. रोज एकला पाच कमी असताना तो अर्ध्यावर चढतो, दोन कमी असताना टोकाला जातो, आणि ठीक एक वाजता खाली पडतो. खाली टेम्स नदीतल्या जहाजांनी त्यावरून घड्याळं लावावीत म्हणून १८३३ पासूनची ही रीत. आम्ही तो पडताना पाहिला. पाहताना मला माझ्या आजोबांची आठवण झाली, आणि कागदात नसलेली गोष्ट मी मुलांना सांगायला लागलो.

१८८४ साली वॉशिंग्टनला परिषद भरली आणि ग्रीनिचची रेघ जगाची शून्य रेघ ठरली. त्या हिशेबाने १९०६ सालच्या पहिल्या तारखेपासून सरकारने हिंदुस्थानाला एक वेळ लावून दिली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटं मागे होती. मुंबईकरांनी म्हटलं, आमचा सूर्य आम्ही का बदलावा? कामगारांपासून नगरपित्यांपर्यंत विरोध झाला, आणि मुंबईच्या नगरपालिकेने आपला मुंबई टाइम थेट १९५५ सालापर्यंत चालवला. एका शहरात दोन वेळा! गिरगावातल्या चाळीत आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ त्यानंतरही बरेच महिने एकोणचाळीस मिनिटं मागेच होतं, असं माझे वडील सांगतात. कुणी विचारलं तर आजोबा म्हणत, घड्याळ बरोबर आहे, सरकार पुढे गेलंय.

मुलं हसली. पाच दिवसांत माझ्या माहितीला आलेलं ते पहिलं हसू. "म्हणजे पणजोबांनीसुद्धा कुणाचं वेळापत्रक मानलं नव्हतं," चिरंजीव म्हणाले. त्या वाक्यातला 'सुद्धा' मला नीट ऐकू आला. आजोबांच्या नातवाने घरात सरकार होऊन बसावं, हे आजोबांना काही आवडलं नसतं.

सौ. आली. तिने चिरंजीवांच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला जवळ घेतलं, मग पर्समधून चिकटपट्टी काढून त्याच्या टाचेला लावली. ती चिकटपट्टी पाचही दिवस तिच्या पर्समध्ये होती. मला ती एक शब्दही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात मला मिळालेली ही सर्वांत मोठी शिक्षा.

मग तिकिटं काढून आम्ही आत गेलो आणि सगळे जण काढतात तसा एक पाय पूर्व गोलार्धात आणि एक पश्चिम गोलार्धात ठेवून फोटो काढला. तेवढ्यात चिरंजीवांनी फोन पुढे केला. कार्ड नसलं तरी उपग्रहावरून जागा दिसते म्हणे. "बाबा, इथे शून्य येत नाही. मी मघाशी बघून ठेवलंय. तिकडे येतं." तो आम्हाला बाहेर, पूर्वेकडे उद्यानात घेऊन गेला. शंभरएक पावलं झाली, आणखी थोडं पुढे, आणि त्याच्या फोनवर शून्यांची ओळ लागली. ना धातूची पट्टी, ना रांग, ना फोटोवाले.

मी नंतर त्याचं कारण शोधलं. जुन्या ज्योतिषांनी आपली दुर्बीण सरळ उभी करायला पृथ्वीच्या ओढीचा आधार घेतला होता. पण ही ओढ जागोजाग किंचित बदलते, आणि ओळंबा अगदी नेमका पृथ्वीच्या मध्याकडे पाहतोच असं नाही. उपग्रह मात्र पृथ्वीचा मध्य धरून मोजतात. त्या फरकाने जगाची शून्य रेघ आता जुन्या रेघेच्या १०२ मीटर पूर्वेला पडते. ज्याच्या त्याच्या जागी ओळंबा सरळच असतो. तरी तो किंचित कलतो, आणि लावणाऱ्याला ते दिसत नाही.

उरलेले तीन दिवस वेळापत्रक मुलांनी केलं. हॉटेलच्या लेटरहेडवर चार ओळी होत्या. पहिली ओळ, 'झोप'. दुसरी, 'बूट घेणे'. तिसरी कन्येने लिहिलेली, 'दहा नंबरचं घर, परत'. चौथी ओळ कोरी ठेवली होती. त्या घरी आम्ही दुपारभर होतो. कन्या एकेका खोलीत हवा तेवढा वेळ उभी राहिली. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो आणि घड्याळ सौ.च्या पर्समध्ये होतं. आधीच्या दिवशी काय विचारायचं होतं, असं मी तिला विचारलं. "आता नाही," ती म्हणाली. काही प्रश्नांची वेळ टळली की टळते.

ती आता शिकायला बाहेरगावी असते. घरी येते ते आपल्या सोयीने, आणि निघते ते अर्धा तास उशिरा. मी स्टेशनवर लवकर जायचं सोडलेलं नाही; स्वभाव काही लंडनला टाकून येता येत नाही. पण एक सवय त्या दिवसापासून लागली आहे. घरातलं कुणी बाहेर पडायला लागलं की मी वर्तमानपत्रातून डोकं काढून अंगातल्या कपड्याचा रंग बघून घेतो. कुणाला कळू नये अशा बेताने बघतो.

परवा चिरंजीव क्लासला निघाले. दारात चपला घालता घालता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाबा, पिवळा."